आईला अंडाशयाचा कॅन्सर होता. मी दरवर्षी सीए-१२५ करत राहू का?

प्रश्न विचारणाऱ्या ताई ३९ वर्षांच्या आहेत. दोन मुलं आहेत, दुसऱ्या बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं आहे. आईला ५२व्या वर्षी अंडाशयाचा कॅन्सर निघाला, तिसरी स्टेज होती. तीन वर्षांनी ती गेली. मावशीला ४४व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता, ती आज चांगली आहे. ताईंना स्वतःला दीड-दोन महिन्यांपासून पोट फुगल्यासारखं वाटतंय. त्यांचं विचारणं असं, की दरवर्षी सीए-१२५ ही रक्तचाचणी आणि सोनोग्राफी करत राहिलं तर पुरेल का, की एका डॉक्टरांनी सुचवलं तशी ‘पिशवीच काढून टाकावी’? शेवटी एक ओळ आहे: “आई वर्षभर गॅसच्या गोळ्या घेत होती, मीच आणून देत होते.”

ताई, त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते. तुम्ही गोळ्या आणून दिल्यात, कारण आपल्याला गॅस होतोय असं आईला वाटत होतं, तुम्हालाही वाटत होतं आणि गोळ्या लिहून देणाऱ्यालाही. गेली २२ वर्षं मी बायकांच्या कॅन्सरची ऑपरेशनं करते आहे. तिसऱ्या स्टेजला आलेल्या बाईची फाइल उघडली की वरचे पाच-सहा कागद ॲसिडिटीचेच असतात. मग एखादी एंडोस्कोपी, मग ‘पाळी जायची वेळ आहे, होतं असं’. अंडाशय असतं बदामापेक्षा थोडं मोठं, ओटीपोटात सैलसर टांगलेलं. तिथे गाठ वाढली तरी आजूबाजूला इतकी मोकळी जागा असते की बराच काळ दुखत नाही, दाबत नाही. पेशी मात्र गळून पोटातल्या पातळ द्रवाबरोबर फिरतात, आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यावर बसतात, पार श्वासपटलाच्या खालच्या बाजूपर्यंत जातात. मग पोटात पाणी धरतं आणि तेव्हा कुठे बाईला काहीतरी जाणवतं. तुमच्या आईला जेवण जाईनासं झालं तेव्हा आजार बहुधा अंडाशयाबाहेर पसरलेला होता. तुमच्या हातून काही निसटलं नाही. हे मी समजूत काढायला म्हणून सांगत नाही, हा आजार वागतोच असा.

तरीही बायका आपल्या शरीराबद्दल जे सांगतात ते आम्ही डॉक्टरांनी नीट ऐकलं, तर काही महिने नक्की वाचतात. सोलापूरकडच्या एक आजी मला म्हणाल्या होत्या, “ब्लाउज सैल होतोय आणि परकराची नाडी पुरत नाय.” याहून अचूक वर्णन मी पाठ्यपुस्तकातही वाचलेलं नाही: हात, गळा, चेहरा सुकत चाललेत आणि पोट वाढतंय. पोट फुगणं, ओटीपोटात किंवा पोटात दुखणं, दोन घास खाल्ले की गळ्याशी आल्यासारखं होणं, सारखं आणि घाईनं लघवीला लागणं, अशा या तक्रारी. त्या सगळ्यांनाच कधी ना कधी होतात. फरक आहे तो नवेपणाचा आणि रोजच्या रोज होण्याचा. गेल्या वर्षभरातच सुरू झालेली तक्रार महिन्यातले १२ दिवसांहून जास्त दिवस होत असेल तर ती गॅसच्या खात्यात टाकायची नाही. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच कुणी ‘तुमचं आतडं नाजूक आहे’ असं सांगितलं, तर आधी अंडाशयं बघून घ्यायची.

म्हणून तुमच्या फुगणाऱ्या पोटाचं उत्तर आधी: याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, आतून तपासून घ्या आणि योनीमार्गातून करतात ती सोनोग्राफी करा. वरून केलेल्या सोनोग्राफीपेक्षा त्यात अंडाशयं खूप स्पष्ट दिसतात. तक्रार आहे म्हणून केलेली तपासणी वेगळी आणि काहीच होत नसताना दरवर्षी केलेली चाचणी वेगळी. पहिलीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. तुमच्या वयात बहुतेक वेळा काही गंभीर निघत नाही. पाळी चालू असताना पातळ भिंतीची, नुसतं पाणी भरलेली छोटी सिस्ट दिसणं ही रोजची गोष्ट आहे, ती दोन-तीन महिन्यांत बहुधा आपोआप जाते. रिपोर्टवर ‘पीसीओडी’ लिहून आलं म्हणून कॅन्सरच्या भीतीनं रडत आलेल्या मुली मी दर आठवड्याला बघते. त्याचा अर्थ अंडाशयाचा कॅन्सर नव्हे. पण सिस्टमध्ये घट्ट भाग दिसला, पडदे दिसले, त्यात रक्तपुरवठा दिसला किंवा पोटात पाणी दिसलं, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: ती सिस्ट सुई घालून किंवा दुर्बिणीतून फोडून कुणालाही रिकामी करू देऊ नका. गाठीत कॅन्सर असेल आणि ती अखंड बाहेर आली तर तो पहिल्या स्टेजचा आजार राहू शकतो. पोटात फुटली तर त्याच पहिल्या स्टेजमधला पुढचा, जास्त धोक्याचा टप्पा धरला जातो. असं ऑपरेशन स्त्रियांच्या कॅन्सरचं खास प्रशिक्षण घेतलेल्या सर्जनकडे व्हावं, आणि शक्य तिथे फ्रोझन सेक्शनची सोय असलेल्या ठिकाणी. ऑपरेशन चालू असतानाच पॅथॉलॉजिस्ट तुकडा तपासून सांगतात, मग पुढे किती करायचं ते ठरतं.

आता सीए-१२५. हे रक्तातलं एक प्रथिन, ३५पर्यंत सामान्य धरतात. पाळीच्या दिवसांत ते वाढतं, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं तेव्हा) वाढतं, फायब्रॉइडमध्ये (गर्भाशयातल्या साध्या गाठींमध्ये) वाढतं, गरोदरपणात वाढतं. आपल्याकडे आणखी एक मोठं कारण आहे, पोटाचा टीबी. पोटात पाणी, वजन उतरलेलं, सीए-१२५ काही शेकड्यांत, स्कॅनवर सगळं कॅन्सरसारखं, आणि तुकडा तपासला तर क्षय. अशा मुलीला केमो लागत नाही, टीबीच्या गोळ्यांनी ती बरी होते. उलट अंडाशयाचा खराखुरा कॅन्सर पहिल्या स्टेजला असताना जवळजवळ निम्म्या जणींचा सीए-१२५ सामान्य येतो. म्हणजे ज्या वेळी ही चाचणी उपयोगी पडायला हवी, नेमकी त्याच वेळी ती गप्प असते.

हे नुसतं माझं मत नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांना घेऊन मोठा अभ्यास झाला. काहींची दरवर्षी सीए-१२५ पद्धतीनं, काहींची दरवर्षी सोनोग्राफीनं तपासणी, बाकीच्यांची काहीच नाही. २०२१ साली अंतिम निकाल आला: चाचण्या केलेल्यांमध्ये अंडाशयाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. अमेरिकेतल्या ७८ हजार बायकांच्या अभ्यासातूनही २०११ साली हेच निघालं होतं. शिवाय तिथे चुकीनं ‘पॉझिटिव्ह’ आलेल्यांपैकी हजारावर जणींचं ऑपरेशन झालं आणि त्यातल्या सुमारे १५ टक्के जणींना गंभीर गुंतागुंत झाली. कॅन्सर नसताना. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये सीए-१२५ घालून विकणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. तुम्ही दर दिवाळीआधी ही चाचणी केलीत, ‘नॉर्मल’ आली, हायसं वाटलं, तर त्या हायसं वाटण्याला आधार नाही. आणि त्या भरवशावर तुम्ही खरा निर्णय पुढे ढकलाल, याची मला जास्त काळजी वाटते.

खरा निर्णय तुमच्या मावशीपासून सुरू होतो. आई ५२, मावशी ४४, एकीला अंडाशयाचा, दुसरीला स्तनाचा. एका घरात ही जोडी दिसली की पहिली शंका बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकांची. ही जनुकं आपल्या सगळ्यांमध्ये असतात, पेशीतल्या डीएनएची मोडतोड दुरुस्त करणं हे त्यांचं काम. जन्मतः एक प्रत बिघडलेली असेल तर धोका फार वाढतो. सर्वसाधारण बाईला आयुष्यात अंडाशयाचा कॅन्सर होण्याची शक्यता शंभरात एकीच्या आसपास असते. बीआरसीए-१ बिघडलेल्या शंभरजणींपैकी वयाच्या ८०पर्यंत सुमारे ४४ जणींना, तर बीआरसीए-२मध्ये सुमारे १७ जणींना तो होतो. बिघडलेली प्रत आईकडून प्रत्येक मुलात किंवा मुलीत येण्याची शक्यता निम्मी. छापा की काटा, तेवढीच.

इथे बहुतेक घरांत एक चूक होते: निरोगी मुलगी स्वतःचं रक्त देऊन मोकळी होते. पहिली चाचणी आजार झालेल्या व्यक्तीची करायची. मावशी हयात आहेत, त्यांचं रक्त द्या. त्यांच्यात ठरावीक बदल सापडला तर तुमच्यात फक्त तेवढाच शोधायचा; तो नसेल तर तुमचा धोका खूपच खाली येतो, अगदी चारचौघींसारखा. मावशींमध्ये काही सापडलं नाही, तर आईच्या ऑपरेशनमधल्या गाठीचे मेणात जपलेले तुकडे, म्हणजे ब्लॉक, मागवा. रुग्णालयं ते वर्षानुवर्षं जपून ठेवतात. जुन्या पॅथॉलॉजी रिपोर्टवर नंबर असतो, अर्ज केला की मिळतात. त्यातून डीएनए नेहमीच चांगला निघतो असं नाही, पण प्रयत्न करण्यासारखा असतो. तेही जमलं नाही तर तुमची पूर्ण जनुक चाचणी करू, मात्र तिचा ‘निगेटिव्ह’ निकाल तितका पक्का मानता येत नाही, कारण घरात नेमकं काय फिरतंय हेच आपल्याला कळलेलं नसतं. कधी रिपोर्टवर ‘बदल आहे, पण अर्थ निश्चित नाही’ असं येतं. एवढ्यावरून कुणीही अंडाशयं काढायची नसतात. असे बरेच बदल पुढे निरुपद्रवी ठरतात. चाचणीच्या आधी आणि नंतर समुपदेशक पाहिजे तो यासाठीच. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सर जेनेटिक्सची ओपीडी आहे, आता पुण्यासारख्या शहरांतही असे सल्लागार भेटतात.

बदल निघाला तर? मग शस्त्रक्रियेचा विचार करायचा, आणि पुढे ढकलत न बसता. बीआरसीए-१ असेल तर ३५ ते ४० वयात, बीआरसीए-२ असेल तर ४० ते ४५ वयात, मुलं झालेली असताना, दोन्ही बीजवाहक नळ्या आणि दोन्ही अंडाशयं काढतात. धोका सुमारे ८० टक्क्यांनी कमी होतो. पूर्ण जात नाही, कारण पोटाच्या आतल्या आवरणातून असाच कॅन्सर क्वचित उद्भवू शकतो. हॉलिवूडची अभिनेत्री अँजेलिना जोलीनं २०१५च्या मार्चमध्ये हेच करून घेतलं, तेव्हा ती तुमच्याच वयाची, ३९ वर्षांची होती. बीआरसीए-१मधला बिघाड तिच्यात होता आणि आई अंडाशयाच्या कॅन्सरनं गेली होती. तिनं जाहीरपणे लिहिलेली एक गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही: तिनं गर्भाशय ठेवलं.

पिशवी आणि अंडाशय हे वेगळे अवयव आहेत, हे आपल्या बायकांना कुणी बसून सांगतच नाही. ‘पिशवी काढली म्हणजे कॅन्सरचं टेन्शन नाही’ हे वाक्य खोटं आहे. नुसतं गर्भाशय काढलं आणि अंडाशयं, नळ्या आत राहिल्या तर अंडाशयाच्या कॅन्सरपासून बचाव झाला असं म्हणता येत नाही. आणि धोका नसलेल्या तिशीतल्या बाईची अंडाशयं उगाच काढली तर हाडं झिजतात, हृदयाचा धोका वाढतो. बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांहून जास्त महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी जणी सांगत होत्या, की डॉक्टरांनी कॅन्सरची भीती घातली. पांढरं जाण्याची तक्रार घेऊन गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालून टेबलावर घेणं हा गुन्हा आहे, असंच मी मानते. तुम्हाला सोनोग्राफीशिवाय, घरचा इतिहास न विचारता ‘पिशवी काढा’ असं कुणी सांगितलं असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय पाऊल उचलू नका.

तुमच्या कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण त्याचा इथे जवळचा संबंध आहे. अंडाशयाच्या कॅन्सरचा सर्वाधिक आढळणारा आणि सर्वांत घातक प्रकार बहुतेक वेळा अंडाशयात सुरू होत नाही, तर नळीच्या झालरीसारख्या टोकात सुरू होतो, हे गेल्या वीसेक वर्षांत कळलं. बीआरसीएत बिघाड असलेल्या बायकांच्या काढलेल्या नळ्या बारीक चकत्या करून तपासल्या तेव्हा तिथे सुरुवातीचे कॅन्सर सापडू लागले, तेव्हा हे उलगडलं. नळी बांधली किंवा क्लिप लावली की धोका काहीसा कमी होतो, हे आधीपासून माहीत होतं, पण ती झालर आतच राहते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१०पासून, दुसऱ्या कारणासाठी पोट उघडलं किंवा नसबंदी करायची असली तर पूर्ण नळ्याच काढायला सुरुवात झाली, अंडाशयं जागेवर ठेवून. अशा २५ हजारांहून जास्त बायकांच्या पाहणीत या घातक प्रकाराचा एकही रुग्ण निघाला नाही. पाच तरी अपेक्षित होते. भारतात विवाहित बायकांपैकी जवळजवळ ३८ टक्के जणींची नसबंदी झालेली आहे. दरवर्षी लाखो बायकांच्या नळ्यांपर्यंत आपण पोचतो आणि टोक मागे ठेवून परत येतो. सरकारी शिबिरात पाच मिनिटांत होणाऱ्या ऑपरेशनमध्ये हे बसवणं सोपं नाही, हे मला कळतं. पण सिझेरियन होणाऱ्या, मूल थांबवायचं ठरवलेल्या बाईनं ‘नळ्या बांधण्याऐवजी काढता येतील का?’ एवढं विचारावं. तुमच्या बाबतीत बदल निघालाच तर नुसत्या नळ्या पुरणार नाहीत, अंडाशयंही काढावी लागतील. आणि पॅथॉलॉजीला आवर्जून सांगायचं, की नळ्या टोकासकट पूर्ण, बारीक चकत्या करून बघा. एखादा तुकडा बघून ‘ठीक आहे’ म्हटलेलं चालत नाही.

गर्भनिरोधक गोळ्यांनीही धोका कमी होतो. पाच वर्षं घेतल्यावर सुमारे पाचव्या हिश्श्यानं, पंधरा वर्षांत निम्म्यावर. तुमच्याकडे स्तनाच्या कॅन्सरचाही इतिहास आहे, त्यामुळे जनुकांचा निकाल हातात येईपर्यंत आपल्या मनानं त्या सुरू करू नका.

शस्त्रक्रियेनंतर काय होतं, हे बायका मला दार लावून घेऊन विचारतात. ऑपरेशन दुर्बिणीतून होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जाता येतं. पण ३९व्या वर्षी पाळी एका रात्रीत जाते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, चिडचिड होते, योनी कोरडी पडते आणि नवऱ्याजवळ जाणं दुखरं होतं. हे सगळं आधी सांगितलेलं असलं तर बाई त्याला सामोरी जाते. न सांगता झालं तर तिला वाटतं आपलंच डोकं फिरलंय. स्वतःला स्तनाचा कॅन्सर झालेला नसेल तर साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन देता येतात. गर्भाशय ठेवलं असेल तर इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉनही लागतं. हाडांची घनता मोजायची, चालणं आणि वजन उचलण्याचा व्यायाम सोडायचा नाही. एक शिक्षिका ऑपरेशनला वर्ष झाल्यावर मला म्हणाल्या, “रात्री पंखा फुल लागतो, पण आईची तारीख जवळ आली की छातीत धडधडायचं, ते यंदा झालं नाही.”

ज्यांना आजार होऊन गेलाय त्यांचं जगणं तुम्ही आईच्या रूपानं पाहिलंत. पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन या केमोच्या औषधांचे दर तीन आठवड्यांनी सहा डोस, मधे मोठं ऑपरेशन. केस जातात, पण केसांचं दुःख बायका लवकर मागे टाकतात. बोटांच्या बधिरपणाबद्दल कुणी विचारत नाही. भाकरी थापताना पीठ कळत नाही, सुईत दोरा जात नाही, पायातून चप्पल निसटली तरी चार पावलं तशीच जातात, तव्याचा चटका उशिरा कळतो. डॉक्टरांना हे वेळेवर सांगितलं तर डोस बदलता येतो. दुसरा त्रास रिपोर्टच्या दिवसाचा. उपचार संपल्यावर काही जणी दर महिन्याला सीए-१२५ करतात आणि आकडा १२चा १८ झाला की जेवण सोडतात. तक्रार नसताना केवळ आकडा वाढला म्हणून लगेच केमो सुरू केल्यानं आयुष्य वाढत नाही, उलट बरे दिवस लवकर संपतात, हे २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या मोठ्या चाचणीत दिसलं. किती वेळा तपासायचं हे रुग्णानं डॉक्टरांशी बोलून ठरवावं, लॅबच्या एसएमएसवरून नव्हे. प्रगत आजार बऱ्याच जणींमध्ये परत येतो, हे मी लपवत नाही. पण मनीषा कोईरालाला २०१२मध्ये हाच कॅन्सर निघाला होता आणि ती आज काम करते आहे. बीआरसीएत बिघाड असलेल्या रुग्णांसाठी ओलापॅरिबसारख्या गोळ्या आल्यापासून आजार परत येण्याआधीचा काळ वर्षांनी लांबलेला मी स्वतः पाहते आहे. म्हणून आज उपचार घेणाऱ्या प्रत्येक बाईची जनुक चाचणी व्हायला हवी: आधी तिच्या स्वतःच्या औषधासाठी, मग लेकींसाठी. उपचारांच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातच करा, रेल्वेच्या तिकिटातही सवलत मिळते.

राहिली घरातली गोष्ट. तुमच्या मावशी रक्त द्यायला तयार होतील का, ते तुम्हालाच ठाऊक. ‘पोरीचं लग्न व्हायचंय, आत्ता नको’ हे मी अनेक घरांत ऐकलं आहे. त्यांना एकट्याच भेटा, दोघींना त्यांच्या बहिणीबद्दल बोलता येईल असा निवांत दिवस बघा. रक्त कशासाठी हवंय ते सांगा, आणि निकाल कुणाला सांगायचा हे त्याच ठरवतील असा शब्द द्या. त्यांच्या मुलींइतकाच हा प्रश्न मुलांचाही आहे. बिघडलेली प्रत पुरुषांतही येते, त्यांना प्रोस्टेटचा किंवा क्वचित स्तनाचा कॅन्सर होऊ शकतो आणि त्यांच्यामार्फत ती नातीपर्यंत जाते. वडिलांकडच्या आत्यांची चौकशी कुणी करत नाही, ती जरूर करा. तुम्हाला भाऊ असेल तर त्यालाही याच वेळी सांगा. येताना आईची जुनी फाइल, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, आणि आजोबा-आजीपासून कुणाला कितव्या वर्षी काय झालं याचा हातानं काढलेला वंशवृक्ष आणा. एवढं असलं की पहिल्याच भेटीत काम सुरू होतं.